सीट वर करा, काका!

...आणि वर मलाच विचारतात, "काका, सर्कशीत लागलात का?" आता काय बोलायचं! तुम्हाला सांगतो, माणूस सायकलवर बसला की रस्त्यावरच्या प्रत्येकाला त्याचा गुरू व्हायचं असतं. मान्य, माझी सीट खाली आहे. पायडल मारलं की गुडघे हँडलला आपटतात, वळणावर तर हनुवटीला लागतात... मान्य! पण मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, घर ते छापखाना, छापखाना ते घर, गुमान जातोय ना? नाही! "सीट वर करा, काका!"

डॉक्टरांचंही तेच. "वा वा! वजन उतरलं, साखर उतरली, दम लागत नाही... सायकलचे फायदे फार! फक्त ती सीट वर करा, गुडघे जातील." अहो डॉक्टर, जाऊ द्या की! जायचं ते माणूस गेलं, गुडघ्यांचं काय घेऊन बसलात?

त्याचं असं आहे, घरात सायकल एकच. सकाळी आमची ही ती घेऊन शाळेत शिवण शिकवायला जायची, ती आली की मी तीच घेऊन दुपारपाळीला छापखान्यात. ही ठेंगणी, मी ताडमाड! म्हणजे सकाळी तिने सीट खाली करायची, दुपारी मी वर करायची, आणि दोन्ही वेळेला तोंडाचा पट्टा सुरू. "तुमचे पाय आहेत की शिडी?" "आणि तुझे काय, पाटाचे पाय?" त्यात पाना कधी जागेवर सापडेल तर शपथ! लोक म्हणायचे, दुसरी सायकल घ्या. ही म्हणायची, "कशाला? मग भांडायचं कशावरून?"

एक दिवस शाळेतून आली, सायकल भिंतीला लावली, म्हणाली, "अंग मोडून आलंय, जरा पडते." पडली ती पडलीच. तापाचं निमित्त झालं आणि... गेली. भेटायला येणारे थांबले, मी कामावर निघालो, पाना हातात घेतला, आणि हात चालेना हो! तिने बसवलेली सीट होती ती. वर केली की तिची शेवटची सकाळही पुसली गेली. ठेवला पाना. बसलो तसाच, गुडघे पोटात घेऊन. सायकलचे फायदे फार!

परवा लेकीला माझी दया आली. मला न सांगता सायकल दुरुस्तीला दिली. परत आली ती चकाचक, नवी घंटी, सीटखाली नवी दांडी आणि सीट... माझ्या मापाची! धावत सुटलो सायकलवाल्याकडे. "अरे, जुन्या दांडीवर गंजाची रेघ होती, तिथं सीट बसायची, ती दांडी कुठाय?" तो म्हणतो, "भंगारात गेली. काका, लोक गंज काढायला येतात, तुम्ही गंज परत मागायला आलात?" हसला. मीही हसलो. आणि हसता हसता तिथंच फतकल मारून ढसाढसा रडलो.

घरी येऊन सीट खाली केली, वर केली, पुन्हा खाली... छे! एवढा संसार केला आणि बायकोचं माप सांगता येईना! लेक दारातून बघत होती. आली, सायकलवर बसली, एक पाय जमिनीवर सोडला. "बाबा, अजून खाली... आता किंचित वर... बास." चपलेचं टोक तेवढं टेकलेलं, टाच अधांतरी. अगदी हिच्यासारखी! अहो, ही पोर आईएवढी कधी झाली? मी होतो कुठं? डोळे पुसले, पाना आवळला, म्हटलं, जमलं एकदाचं, उद्यापासून पुन्हा गुडघे हनुवटीला.

कसलं काय! लेकीने घंटी वाजवून बघितली. म्हणाली, "माझ्याच मापाची झाली की! ऑफिसला मीच नेते आता. तुमचे गुडघेही वाचतील."

आता संध्याकाळी सायकल येते, त्याच भिंतीला लागते, सीट खालीच. भांडायला मात्र कुणी नाही. मी आपला कामावर चालत जातो. काल वाटेत डॉक्टर भेटले. "वा वा, चालताय? उत्तम! चालण्याचे फायदे फार!"

म्हटलं, फार हो... फार.