मसुराचा आठवडा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या मुख्याध्यापिका एव्हदोकिया बाई. सत्कारमूर्ती लाम्ब्रोस सर. त्यांच्या पत्नी थेओपीताई. आणि सभागृहात जमलेले शिक्षक, पालक व विद्यार्थी मित्रहो,

मी सोतिरिस. या शाळेत गणित शिकवतो. सव्वीस वर्षं सरांचा सहकारी, एवढीच माझी बोलण्याची पात्रता.

सर प्राचीन ग्रीक शिकवतात. गरजा कमी ठेवा, सुखदुःखात मन स्थिर ठेवा, असं सांगणाऱ्या अथेन्सच्या जुन्या स्टोइक तत्त्वज्ञांचे विचार आपण परीक्षेपुरते वाचतो. सरांनी ते अंगी बाणवले. महिन्याचा पहिला आठवडा मसुराची आमटी, पाव आणि ऑलिव्ह. ऐन थंडीतही त्या आठवड्यात हीटर बंद. आम्ही चिडवायचो, "सर, कंजूषपणाला नाव मात्र झकास शोधलंत."

ते म्हणायचे, "ज्या घराची भीती वाटते ना, तिथे आधीच चार दिवस राहून यावं."

थेओपीताई त्याच टेबलावर तळलेले मासे घेऊन बसायच्या. "तुमचं तत्त्वज्ञान तुम्हीच जेवा," म्हणायच्या. ताई हसताहेत, खोटं असेल तर सांगावं.

मग सरांची मेलबर्नची आत्या वारली आणि बरीच मोठी रक्कम त्यांच्याकडे आली. आता हे सगळं वाटून टाकणार, असं गावाला वाटलं. तसं काही झालं नाही. त्यांनी छप्पर दुरुस्त केलं, आम्हा सर्वांना बंदरावर पोटभर जेवू घातलं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मसूर. मी विचारलं तर म्हणाले, "पैसा वाईट कशाला असेल? घरात राहू दे की. डोक्यात राहायला आला, की मात्र घर त्याचं होतं."

आता जे सांगतो, ते इथे फार कुणाला ठाऊक नाही. बाईंनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवली, तरी सांगणार आहे. उरलेली रक्कम माझ्या मेहुण्याच्या हॉटेलात गुंतवा, असा आग्रह सरांना मी केला होता. दोन उन्हाळ्यांत हॉटेल बुडालं. पैसेही बुडाले.

अकरा दिवस मी शिक्षकांच्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. बाराव्या दिवशी सर माझ्या दारात उभे.

"सर, काय तोंड दाखवू तुम्हाला?"

"रोजचंच दाखव."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं तर. दोन रात्री झोप नव्हती. थेओपी तुला काय काय म्हणाली, ते सांगत नाही. पण तिसऱ्या दिवशी आमटी ढवळताना लक्षात आलं, एवढ्यात राहणं मला जमतं. वर्षानुवर्षं केलंय." मग म्हणाले, "शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत कॉफी प्यायचा सराव मात्र मी कधी केला नव्हता, सोतिरिस. उद्या ये."

मी गेलो. तो विषय पुन्हा निघाला नाही. त्यामुळे माफी मागायचीही राहून गेली.

बाईंनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर ते आपण पोटात घालालच. त्या हॉटेलाबद्दल मात्र, सर, थेओपीताई, तुम्हा दोघांची मी आज सर्वांदेखत क्षमा मागतो.