पाडा त्याला!

ऑकलंडमधल्या एका खासगी शाळेत रग्बीचा सामना होता. मध्यंतरात सॉसेज-पावाच्या रांगेत माझ्यापुढे यजमान संघातल्या दोन मुलांच्या आया, हेदर आणि लुपे, बोलत होत्या. लुपेचा फेलेटी यंदाच शिष्यवृत्तीवर तिथे आलेला, आणि आज समोर त्याचीच जुनी शाळा.

"लुपे, मघाशी ‘पाडा त्याला!’ असं तुम्हीच ओरडलात ना?"

"मीच."

"अहो, चेंडू तुमच्या फेलेटीकडे होता!"

"ते पाडल्यावर कळलं. त्याचे सगळे थोरले भाऊ जुन्या शाळेतून खेळले. ती जर्सी दिसली की तोंड आपोआप उघडतं."

"पण फी, वसतिगृह, बूट, सगळं आता आपली शाळा देते."

"देते ना. पण माझा घसा अजून तिकडचाच आहे."

"मुख्याध्यापकांनी मला विचारलं, या बाई कोणाच्या?"

"अगं बाई! मग?"

"म्हटलं, पाहुण्या शाळेच्या."

"देव तुमचं भलं करो! दोन पाव घेते. तोंड भरलेलं असलं तर पोराची शिष्यवृत्ती टिकेल."

शिट्टी वाजली. चिखलाने माखलेला फेलेटी मैदानात उतरता उतरता आईच्या हातातले दोन पाव पाहून दोरीपाशी थांबला.

"आई, तिसरा पण घे!"