सगळ्याच भिंतींत पाणी

बायको: नाही देणार हातोडा.

प्लंबर: अगं, दे म्हणतो ना. ह्या वेळी नक्की इथंच आहे.

बायको: सकाळी बेसिनखाली नक्की होतं. मघाशी बाथरूमच्या भिंतीत नक्की होतं. दोन भगदाडं पाडलीत, आत विटा ठणठणीत कोरड्या! आता ही खोली राहिली होती होय? अहो, नातवंडं येणार म्हणून स्टुलावर चढून मी स्वतः रंग दिलाय ह्या भिंतीला. अजून वास गेला नाही त्याचा.

प्लंबर: सळई लावून ऐकलंय मी. पाणी सुटलंय आत. स्पष्ट येतोय आवाज.

बायको: मग बाहेर का येत नाही ते? आपल्याकडे टिपूस नाही आणि खाली मास्तरांच्या छताला धार!

प्लंबर: पाणी वाट शोधत जातं. फुटतं एकीकडे, निघतं दुसरीकडे. तुला नाही कळायचं त्यातलं.

बायको: मला नाही कळायचं. बरं. मग कळतं अशा दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. बाजाराच्या कोपऱ्यावर तो नवीन पोरगा बसतो ना, त्याला...

प्लंबर: माझ्या घरात दुसरा प्लंबर? वेड लागलंय का तुला? गावभर होईल. गळतीवाल्याला स्वतःच्या घरातली गळती सापडेना! उद्या कोण बोलवेल मला?

बायको: आजही कुठं कोण बोलावतंय?

प्लंबर: सुट्ट्या आहेत. लोक बाहेरगावी जातात. दे तो हातोडा.

मास्तर: येऊ का आत? दार उघडंच होतं.

बायको: या ना मास्तर. जपून हं, विटांचे तुकडे पडलेत सगळीकडे. आम्ही अगदी लाजेनं मेलोय हो. तुमच्या घराची पार दैना करून टाकली.

मास्तर: छे छे, तक्रार म्हणून नाही आलो. केवळ माहिती द्यावी म्हणून आलो. पूर्वी ते पाणी माझ्या उशीवर पडत असे. मी उशी पायथ्याशी नेली. आता ते तिथंही पोचलं आहे. थोडक्यात, झोपायला दिशा उरलेली नाही.

प्लंबर: आज काढतो मास्तर. शब्द देतो.

मास्तर: मला शंकाच नाही. वर आपल्यासारखा कानाचा पक्का माणूस राहतो म्हणून मी निश्चिंत आहे. भिंतीला सळई लावायची आणि बोट ठेवून सांगायचं, इथं फोडा. एकच टाइल निघायची, आणि पाणी तिथंच. अहो, मी विद्यार्थ्यांना उदाहरण द्यायचो आपलं. म्हणून तर पुतणी तसं म्हणाली तेव्हा मी तिलाच दटावलं.

बायको: कसं म्हणाली?

प्लंबर: मास्तर, तुमची बादली भरली असेल. बघून या बरं जरा.

बायको: थांबा मास्तर. काय म्हणाली पुतणी?

मास्तर: काही विशेष नाही. तिच्याकडे मध्यंतरी हे गेले होते. नवं कोरं न्हाणीघर. चार ठिकाणी फोडलं, आणि गळती काही... होतं असं कधी कधी. शेवटी कुणीतरी दुसरा आला. ती मला म्हणाली, काका, त्यांना काही बोलू नका, बिचारे मान खाली घालून गेले. आणि मी बोलून बसलो. माफ करा. मी बादली बघतो.

बायको: अहो. इकडे बघा माझ्याकडे.

प्लंबर: काय बघू?

बायको: कधीची गोष्ट ही?

प्लंबर: झाले काही दिवस.

बायको: आणि मला काय सांगितलंत? काम छान झालं, चहा-नाश्ता दिला त्यांनी! आणखी कुठं कुठं असं झालंय?

प्लंबर: सोड ना.

बायको: म्हणजे झालंय. म्हणून फोन वाजत नाही आपला. आणि मी येड्यासारखी म्हणतेय, सुट्ट्या संपल्या की कामं येतील. हे बघा, मी आधी लेकीला फोन लावते. म्हणते, उद्या निघा, आज घरात उभं राहायला जागा नाही.

प्लंबर: लावू नको. मी केलाय सकाळी.

बायको: काय सांगितलंत?

प्लंबर: येऊ नका म्हटलं. ह्या सुट्टीत नकोच म्हटलं.

बायको: काय?

प्लंबर: तुला बरं नाही असं सांगितलं.

बायको: मला बरं नाही? मला? अहो, वर्षभर मी कशावर जगते माहीत आहे का तुम्हाला? ह्या आठ दिवसांवर! पोरं येतात, अंथरुणावर उड्या मारतात, फ्रीज उघडा टाकतात, माझ्या नावानं बोंबा मारतात, तेवढ्यापुरतं हे घर घर वाटतं. नाहीतर आहे काय इथं? तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसणार आणि मी भांड्यांशी बोलणार. आणि तुम्ही परस्पर नको सांगितलंत? माझ्या आजारपणाचं खोटं सांगून?

प्लंबर: हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत नको होतं मला.

बायको: काय सगळं? भगदाडं? भगदाडं बुजवता येतात!

प्लंबर: भगदाडं नाही गं.

बायको: मग काय? बोला की! गेले कित्येक महिने हेच चाललंय. मी विचारते एक, तुम्ही बघता भलतीकडे. जेवताना बोलले तर उत्तर नाही. झोपताना काही सांगायला गेले की पाठ फिरवता. मी काय केलंय असं? कंटाळलात का मला? तसं असेल तर तसं सांगून टाका, निदान कळेल तरी मला.

प्लंबर: सगळ्याच भिंतींत पाणी ऐकू येतं मला.

बायको: म्हणजे?

प्लंबर: म्हणजे सगळ्याच. ह्या भिंतीत, त्या भिंतीत. मास्तरांच्या पुतणीकडे चारही भिंतींत. रस्त्यावर उभा राहिलो तरी सूं-सूं. उशीवर डोकं टेकलं की नळ सोडल्यासारखा आवाज. पहिल्यांदा वाटलं, कुठंतरी कॉक नीट बंद केला नाही आपण. रोज रात्री उठून घरातले सगळे नळ तपासायचो.

बायको: मला वाटायचं, तुम्हाला झोप येत नाही.

प्लंबर: मग एकदा मेन कॉक बंद केला आणि सळई लावली. लाइनीत थेंब नाही, तरी आवाज तसाच. तेव्हा कळलं. पाणी भिंतीत नाही, माझ्याच डोक्यात आहे.

बायको: अहो... डॉक्टर?

प्लंबर: गेलो होतो गुपचूप. कानाची नस गेलीय म्हणाला. जन्मभर हातोडा आणि ड्रिल चालवलं त्याचं फळ. आता जाणार नाही हा आवाज, सवय करून घ्या म्हणाला. आणि त्या आवाजाच्या मागं जे खरं बारीक बारीक असतं ना, ते सगळं बुडून गेलंय. तू स्वयंपाकघरातून बोललीस की नुसता गलका येतो. परत परत 'काय? काय?' विचारायची लाज वाटते. म्हणून बघतो दुसरीकडे.

बायको: म्हणजे तुम्ही रुसला नव्हतात माझ्यावर?

प्लंबर: तुझ्यावर? कशाला रुसेन गं मी तुझ्यावर?

बायको: देवा रे. आणि मी ह्या माणसाशी इतके महिने भांडतेय. मनातल्या मनात तर बॅगसुद्धा भरली होती मी.

प्लंबर: भर खरंच. काय उरलंय माझ्यात? नळ बदलायला कुणीही मिळतो. मला लोक कानासाठी बोलवायचे. तो कान संपला. दुसरं काही येत नाही मला. काय करू मी आता? सांग ना, काय करू?

बायको: रडू नका हो. तुम्ही रडायला लागलात की मला काही सुचत नाही. थांबा, फोन वाजतोय. हॅलो? हां, बोल गं. कुठं आहेस? ... स्टेशनवर? कुठल्या स्टेशनवर? ... इथल्या? ... अगं पण बाबांनी... हो, हो. नाही, पडून नाहीये मी. ये. ये तू, मग बोलू. सांभाळून ये पोरांना घेऊन.

प्लंबर: काय म्हणाली?

बायको: आई आजारी म्हटल्यावर मुलगी घरी बसेल होय? सकाळचीच गाडी पकडली तिनं. पोचलीसुद्धा. संध्याकाळी येणार होती, ती आत्ता येतेय. कसं खोटं बोलावं हेसुद्धा कळत नाही तुम्हाला.

प्लंबर: आता गं?

बायको: आता काय! उठा. ती सळई द्या इकडे.

प्लंबर: तू काय करणार सळईनं?

बायको: ऐकणार. माझे कान शाबूत आहेत. शेजारच्या घरात कोण काय कुजबुजतं तेसुद्धा येतं मला, तुम्हीच चिडवता ना? मग सांगा, कशी धरायची?

प्लंबर: असं नुसता कान लावून ऐकू येत नसतं. वर्षं लागतात.

बायको: वर्षं नाहीत आपल्याकडे. स्टेशनवरून रिक्षेला लागेल तेवढा वेळ आहे. सांगा.

प्लंबर: कानात घालू नको. कानामागं हाड आहे ना, त्याला टेकव. दुसरं टोक टाइलच्या सांध्यावर. दाबू नको, नुसती ठेव. डोळे मीट आणि श्वास सावकाश घे.

बायको: फ्रीज घरघरतोय. जिन्यात पोरं नाचताहेत. खाली रेडिओ.

प्लंबर: ते सगळं बंद व्हायला पाहिजे.

बायको: मास्तर! ओ मास्तर! रेडिओ बंद करता का जरा? आणि त्या जिन्यातल्या कार्ट्यांना गप्प करा, उपकार होतील!

मास्तर: करतो! ए, खाली बसा सगळे. तोंडावर बोट. जो हसेल त्याला मी पाढे म्हणायला लावीन, सुट्टी असली तरी!

प्लंबर: फ्रीज बंद केला मी. आता?

बायको: काही नाही इथं. ही भिंत मुकी आहे.

प्लंबर: नक्की?

बायको: नक्की. तुम्ही फोडणार होतात ती. पुढं चला. इथंही नाही. बाथरूममध्ये काहीतरी आहे, पण लांबून आल्यासारखं.

प्लंबर: जाड की बारीक?

बायको: जाड. भांड्यात पाणी पडल्यासारखं.

प्लंबर: ती वरच्या मजल्याची लाइन असेल, चालू आहे. ती नको. गळतीचा आवाज बारीक असतो, फाटलेला. स्वयंपाकघराकडे सरक. जमिनीलगत ठेव.

बायको: उंबऱ्यापाशी वाढतंय. थांबा... हो, वाढतंय. दूध उतू जायच्या आधी फसफसतं ना, तसं.

प्लंबर: हलू नको! तशीच राहा. मी कॉक बंद करतो... केला. आता?

बायको: थांबलं! एकदम थांबलं.

प्लंबर: सोडतो.

बायको: आलं परत. अहो, आलं!

प्लंबर: तुझं थांबतं.

बायको: काय?

प्लंबर: काही नाही. बोट ठेव तिथं. काढू नको. हातोडा कुठं ठेवलायस?

बायको: हा घ्या. आता नाही म्हणत नाही मी.

(तो एकच टाइल उचकटतो. खालून पाण्याची बारीक, केसाएवढी धार तिच्या मनगटावर उडते.)

बायको: बाई गं! गार आहे!

प्लंबर: सापडलं. जोड सुटलाय. मीच बसवला होता हा, आपण राहायला आलो तेव्हा. घाईत. पाना दे... बस. झालं. पाचेक मिनिटांचं काम होतं गं हे.

मास्तर: अहो, छत थांबलं! इकडे थांबलं! मुलांनो, सुटी!

बायको: ऐकलंत? मास्तर म्हणताहेत थांबलं.

प्लंबर: हं.

बायको: अजून तोंड पाडून का बसलायत?

प्लंबर: आनंदच आहे. पण मी नाही शोधलं ते. तू शोधलंस. उद्या एखाद्या गिऱ्हाइकाकडे काय करू? तुझे कान पिशवीत घालून नेऊ?

बायको: पिशवीत कशाला? मला न्या की सोबत. मी ऐकेन, तुम्ही फोडा.

प्लंबर: लोक हसतील. बायकोला घेऊन फिरतो म्हणतील.

बायको: हसू देत. चार भिंती फोडून मान खाली घालून येण्यापेक्षा ते बरं. जमेल की नाही ते मला नाही माहीत. उद्या कुणाच्या घरभर कान लावूनही काही कळलं नाही, तर दोघं मिळून मान खाली घालून येऊ. पण एक सांगते. सकाळी उठले तेव्हा ह्या घरात एक धड गोष्ट दिसत नव्हती मला. घर फुटलेलं, काम नाही, नवरा तुटलेला. आता घर जास्तच फुटलंय, काम अजूनही नाही. पण नवरा तुटला नव्हता हे कळलं. मला आज तेवढं पुरे आहे. खरंच पुरे आहे हो.

प्लंबर: मला तुझं सगळं ऐकू आलं आत्ता.

बायको: समोर बसून बोलले म्हणून. आता असंच बोलत जाईन.

प्लंबर: उपकार आहेत गं तुझे.

बायको: पुरे. डोळे पुसा, रिक्षा थांबली खाली. आणि तिला तुम्ही सांगायचं आहे, मी नाही सांगणार. खोटं तुमचं, खरंही तुमचंच.

प्लंबर: कसं सांगू? पोरं असतील समोर.

बायको: असू देत. ...या, या! पायाखाली बघा रे, विटा आहेत! अगं, मला काही झालेलं नाही, धडधाकट आहे मी, अशी काय बघतेस? घराला काय झालं ते बाबांना विचार. जा, ते बघ तिथं उंबऱ्यात बसलेत.

प्लंबर: ये बाळा. नाही, तिकडं नको. ह्या बाजूला बस. ह्या कानानं जरा बरं ऐकू येतं मला.