कावळा शिवेना, बातमी जाईना

...नाही, मला एवढंच सांगा, माणसानं बसावं कुठं? पेपरानं नाशिकचं ऑफिस बंद केलं, भाडं परवडत नाही म्हणे, आणि वर मुंबईहून संपादकांचा फोन, 'कुठंही बसा, पण मंत्र्यांच्या दौऱ्याची बातमी संध्याकाळपर्यंत फॅक्स करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.' आता ऑफिसच बंद, तर यायचं नाही ते नेमकं कुठं, हे मला अजून कळलेलं नाही...

घरी दोन खोल्या, त्यात बायकोच्या शिकवण्या. मंत्र्यांच्या नावापुढं मी सातचा पाढा लिहिला. उठून वाचनालयात गेलो, तर शिपाई म्हणतो, 'इथं फक्त वाचायचं, लिहायचं नाही.' अरे बाबा, कोणी लिहिलंच नाही तर तुझे लोक वाचणार काय? माणसानं बसावं कुठं?

शेवटी गोदावरीच्या घाटावर टेकलो. वारा आहे, सावली आहे, भाडं नाही. शेजारी सिन्नरकडच्या मंडळींचा दहावा. पिंड मांडलेला, कावळे समोरच्या पत्र्यावर, पण शिवायला एक तयार नाही. मयताची इच्छा राहिली म्हणायची. नातीचं लग्न कबूल करून झालं, विहीर कबूल करून झाली, कावळे ढिम्म. तेवढ्यात मयत पुंजाबाबांचा मुलगा भिमाजी माझ्या कागदांकडं बघत आला.

'साहेब, तुमी पेपरवाले का?'

हो म्हटलं. तिथंच चुकलं.

'आमचा म्हातारा लय दिस म्हनायचा, फाट्यावर यष्टी थांबत नाय अन् कोनी छापत नाय. तेच राहिलं आसंल. तुमी बोला.'

मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टींवर अग्रलेख झोडलेत... पण सगळे सोयरे उन्हात उपाशी, माझ्याच तोंडाकडं बघतायत. म्हटलं, 'छापतो, आतल्या पानावर.' कावळ्यानं मान फिरवली. मागून मयताची बहीण मालनबाई म्हणाली, 'आतलं पान दादानं कधी वाचलं नाय.' मग काय करता? हात जोडले, 'पुंजाबाबा, पहिल्या पानावर छापतो.' तुम्हाला सांगतो, कावळा सरळ खाली!

मंत्री राहिले बाजूला. तिथंच बसून थांब्याची बातमी लिहिली, वर 'पहिले पान' असं ठळक लिहून एसटीडी बूथवरून फॅक्स केली. लगेच बूथवरच संपादकांचा फोन. 'मंत्री कुठायत? हा कुठला फाटा? घरी बसा तुम्ही.'

ठीक आहे, बसतो. नोकरीचं जाऊ द्या, साहेब... पण कावळा जेवून गेलाय, त्याला आता काय सांगू?