बबन अण्णांची सीट

माझं माहेर डोणज्याचं, लग्न करून धायरीत आले तवा इथं सगळी शेतं व्हती, आता दारातनं बघावं तिकडं नुसत्या बिल्डिंगी. काय सांगू ताई तुम्हाला, गाडीचं विचारताय, तर आधी आमच्या ह्यांचं सांगावं लागंल. साखरेनं एक पाय गेला, वर किडन्या गेल्या. आठवड्यातनं तीनदा डायलिसिसला कोथरूडला न्यायचं. सहा फुटाचा माणूस, न्यायचा कशात? लेकाची नवी गाडी हाय, चकाचक, पण बसायला पार खाली वाकायचं. एकदा बसवलं तर बाहेर काढायला चौघं लागले, हे कळवळत व्हते आन लेक म्हणतोय, बाबा, सीटला ओरखडे पाडू नका. असा राग आला मला!

आमची जुनी मोठी गाडी एका डॉक्टरांनी वापरून सोडलेली. दार खडखडतं, एसी कधीच मेला, पण उंची अशी की खुर्चीवरनं सरकलं की माणूस थेट आत. धाकटे दीर चालवतात. मधली सीट काढून आम्ही गादी टाकली, हे लांब पसरून निजायचे. काढलेली सीट ठेवली दारात, तर आख्खी आळी तिच्यावर, मेथी निवडायला तिथं, भांडायला तिथं. शेजारचे बबन अण्णा तर दुपारभर तिथंच बसून ह्यांच्याशी गप्पा हाणायचे. ह्या उन्हाळ्यात एक दिवस बोलता बोलता तिथंच मान टाकली अण्णांनी. माणूस जिच्यावर गेला ती वस्तू आम्ही दारात ठेवत न्हाई. तेराव्याच्या आधीच सीट कालव्याच्या कडंला नेऊन टाकली, मीच, मागं वळून बघितलं न्हाई.

आन झालं काय, गाडीची पंधरा वर्षं भरली. आरटीओत पासिंगला नेली तर तिथले साहेब म्हणले, मधली सीट कुठंय? आता त्यांना काय सांगू, मयताची म्हणून टाकली? म्हणले, सीट लावून आणा, न्हाईतर गाडी पास न्हाई. लेक म्हणला, आई, बरं झालं, भंगारात दे. मी म्हणले, आन बापाला खांद्यावर नेतोस का? बोलले आन माझीच जीभ चावली.

कालव्याला गेले, सीट न्हाई. दोन दिवस हुडकली. पुढच्या साइटवर वॉचमनच्या खोपटात सापडली, त्याची बाळंतीण बायको लेकरू घेऊन तिच्यावर निजलेली. तिला बिचारीला काय ठावं. घरची खाट तिला नेऊन दिली आन सीट आणली. गोमूत्र शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, तरी मन धजंना. ह्यांना म्हणले, अहो, हिच्यावर अण्णा गेले, तुम्हाला कसं बसवू मी? तर हे हसतात! म्हणले, अगं, अण्णा जन्मभर माझ्या शेजारीच बसला, आता काय लांब बसंल व्हय?

गाडी पास झाली. साहेबांनी बजावलंय, सीट परत काढायची न्हाई. मग आता ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी त्याच सीटवर बसते. डायलिसिसवरनं येताना हे डोळे मिटून पडलेले असतात. सिग्नलला गाडी थांबली की मी ह्यांच्या नाकापुढं हात धरते. हाताला ऊन श्वास लागला की मनात म्हणते, अण्णा, जिथं असाल तिथं सुखात राहा, पण दोस्ताला एवढ्यात बोलवू नका.