उभ्या गाडीची बॅटरी

नंदाबाई : मले म्हणतेत हळू बोल, हळू बोल. आन सोता बोनेट असं आपटतेत का मानूस बाजेवरून खाली पडावा.

उदाराम : आपटलं नाही वं, हातातून सुटलं. तू झोप.

नंदाबाई : झोपली असती तं तुमच्या गाडीचं रडगाणं कोणी आयकलं असतं? विक्की आला वाटते.

विक्की : आलो काकू. नमस्ते. फाटकावर मालगाडी उभी होती, नाहीतर केव्हाच आलो असतो गोंदियाहून. तब्येत काय म्हणते?

नंदाबाई : पहिले गाडीची पाह्य. तिच्यासाठी बोलावलं हाय तुले.

(गोंदियाजवळच्या कामठा गावातलं अंगण. पडवीत बाज, बाजेवर नंदाबाई. समोर जुनी सुमो, मधली सीट काढून तिथं गादी घातलेली. नंदाबाईला नागपूरला झोपवून न्यायचं म्हणून उदारामने ती खास भरून घेतली होती. हल्ली तिच्यावर मांजर झोपतं आणि त्याला हाकलायचं कोणाच्या मनात येत नाही.)

उदाराम : सकाळी किल्ली फिरवली. कट् कट् कट्, बस. मागच्या खेपेस तू म्हणला बॅटरी गेली, नवी टाका. टाकली. आता नवीबी मेली.

विक्की : इतक्यात नाही मरत काका. मागच्या वेळी मला तसंच वाटलं होतं, अब देखते हैं. मीटरची लाल तार प्लसवर, काळी मायनसवर... हां. अकरा पॉइंट आठ.

उदाराम : म्हंजे?

विक्की : चांगली भरलेली बॅटरी, गाडी उभी असताना, बारा पॉइंट सहाच्या आसपास दाखवते. बारावर आली की समजायचं अर्धीही नाही. ही तर त्याच्याही खाली.

उदाराम : बाराले अकरा-आठ. एवढुसं तं कमी हाय.

विक्की : दिसायला एवढुसं. थांबा, सोबत आणलेल्या बॅटरीवरून करंट देतो. इंजिन तापू द्या, हीटरचा दिवा विझू द्या. आता मारा सेल्फ!

उदाराम : झाली! झाली चालू! नंदा, झाली वं!

नंदाबाई : आयकू येते. कान शाबूत हायत माझे.

विक्की : थोडी रेस द्या... चौदा पॉइंट दोन. चार्जिंग एकदम बरोबर. चालू गाडीत तेराच्या जवळ राहिलं असतं तर म्हटलं असतं बॅटरी भरणारा अल्टरनेटर गेला. पंधराच्या वर गेलं असतं तर बॅटरी उकळली असती. यात काही खराबी नाही. करा बंद.

उदाराम : लाव, आता लाव मीटर... बारा-नऊ! पाह्य! बारा-सहा पायजे म्हणला होता, बारा-नऊ झाली. भरली नंदा!

विक्की : हे खरं नाही काका. आत्ताच गाडी बंद केली ना, वरवरचा चार्ज आहे तो. हेडलाइट लावा... बघा. बारा-तीन. बारा. गेली अकरा-नऊवर.

उदाराम : आत्ता तं होती.

नंदाबाई : डॉक्टर आला का मीबी उठून बसतो. हासतो, बोलतो. तो गेला का पाह्यत जा मंग.

उदाराम : तू मधातच काहीबी कायले बोलून राहिली?

विक्की : म्हणजे उभ्या गाडीत कोणीतरी करंट खाऊन राहिलं आहे. मायनसची तार काढून मधे मीटर लावतो. टेप, डोममधला लाइट, हॉर्न... कुछ नहीं. कुठंच चोरी नाही. काका, आता माझं डोकं चालत नाही. सेल्फ खोलून दुकानात नेतो, दोन दिवसांत देतो.

उदाराम : दोन दिवस? नाही बाप्पा! एकाएकी गाडी लागली तं?

विक्की : कशाला लागणार एकाएकी?

उदाराम : लागते. घरात बिमार मानूस हाय.

विक्की : हां, नागपूर. पुढची तारीख कधीची आहे?

उदाराम : देणार हायत.

नंदाबाई : देणार हायत म्हणे. गोळ्या देल्या आन सांगतलं, आता घरीच ठेवा. घरीच ठेवा म्हणणारा डॉक्टर तारीख देते का कधी?

उदाराम : फोन करतो म्हणले ते.

विक्की : बरं... बरं. मग गाडी फिरते कुठं सध्या? शेतावर नेता?

उदाराम : फिरत नाही. पण तयार ठेवतो. रोज सकाळी चालू करतो, दोन मिनिटं राहू देतो, बंद.

विक्की : दिवसातून एकदा?

उदाराम : हो. एकदा.

नंदाबाई : खोटं नोका बोलू जी लेकराजवळ. विक्की, मी सांगतो. मी खोकलली का हे पळत जाऊन सेल्फ मारतेत. कन्हली, सेल्फ. उलटी झाली, सेल्फ. काल उचकी लागली तं सेल्फ मारला. पाणी पेली, उचकी गेली, तवा गाडी बंद केली. शेजारची पार्वताबाई इचारते, काऊन वं नंदा, घरात चक्की टाकली का?

विक्की : काका, खरंच?

उदाराम : मंग काय करावं? दिवाळीत हिले धाप लागली. किल्ली फिरवतो, गाडी हूं नाही का चूं नाही. धक्क्याले मानसं बोलवा, कोणी शेतात, कोणी बाजारात. ही इथं मासोळीवाणी तोंड उघडून राहिली आन मी गावात पळून राहिलो. तवापासून मी पहिले गाडी चालू होते का थे पाह्यतो. मंग हिच्याकडं येतो.

नंदाबाई : येता तवर माझं दुखणं थांबून राह्यते. पाठीवर हात ठेवाले कोणी नाही, गाडी मात्र तयार.

विक्की : बस काका, सापडलं. ही डिझेल गाडी आहे, सेल्फ मारताना बॅटरी जोरात खाली होते. तेवढं परत भरायला गाडी चांगली अर्धा तास रोडवर पळली पाहिजे. तुम्ही दोन मिनिटांत बंद करता, आणि परत सेल्फ. काढून राहिलात, भरत काहीच नाही. नवीन बॅटरी टाका, चार दिवसांनी तीही बसेल.

उदाराम : म्हंजे तयार ठेवू ठेवू मीच तिची वाट लावली.

विक्की : वाट कसली. चालवा, ठीक होईल. रोज गोंदियापर्यंत एक चक्कर मारा.

उदाराम : हिले सोडून?

नंदाबाई : मले घेऊन. रोजचं नाही म्हणत. एक डाव चिचगडले, बहिणीकडं.

उदाराम : झालं सुरू.

विक्की : मी... पाना राहिला वाटतं मोटरसायकलवर. आणतो.

नंदाबाई : बस तिथंच. तुझ्यासमोर बोलू दे. एकट्यात हे उठून जातेत.

उदाराम : बरी झाली का नेतो, म्हणलं ना तुले.

नंदाबाई : संक्रांतीलेबी हेच म्हणले होते. विक्की, देवकाबाई माझी मोठी बहीण. माय लवकर गेली, तिनंच न्हाऊ-माखू घातलं मले. आता तिचे डोळे गेले. तरी ह्या दिवसात सकाळीच मोहाखाली जाऊन बसते. हातानं चाचपू चाचपू फुलं येचते. टोपल्यात एक काडी जात नाही तिच्या.

विक्की : चिचगडच्या वाटेवर देवरीपर्यंत तर रोड चांगला आहे. गादी आहेच. आरामसे नेली तर...

उदाराम : तुले कोणी इचारलं? तू बॅटरीचं पाह्य.

विक्की : बरोबर आहे काका.

नंदाबाई : त्याच्यावर कायले गुरगुरता? सांगा त्याले, काऊन नेत नाही तं.

उदाराम : दचके बसतेत.

नंदाबाई : नागपूरच्या रस्त्यानं बसत नव्हते?

उदाराम : थे वेगळं होतं. तिथं जाऊन काही होणार होतं.

नंदाबाई : बरं, मीच सांगतो. हे दर आइतवारी देवकाबाईले फोन करतेत. त्या कोपऱ्यात, गाडीच्या आड. म्हणतेत, नंदा सुधरून राहिली. दोन पोळ्या खाते. अंगावर मास चढलं. परवा तं म्हणले, कोठ्यात धान मोजाले बसली होती. मी! मले लुगडं सावरत नाही.

उदाराम : आंधळी बाई, एकटी राह्यते. काय सांगावं मंग तिले?

नंदाबाई : तुमी काही नोका सांगू. माझ्या दंडावरून तिनं एक डाव हात फिरवला का तिले सारं समजते. म्हणून नेत नाही तुमी.

उदाराम : नंदा, पुरे.

नंदाबाई : तिले समजंल म्हणून भेता का? तिनं माय पोचवली, बाप पोचवला, दोन भाऊ पोचवले. तिचं काही नाही. तिनं हात फिरवला, गपकन चूप बसली, का मंग तुमाले समजंल. त्याचं भेव हाय तुमाले.

विक्की : काका... बसा थोडं. पाणी आणू?

उदाराम : नाही.

नंदाबाई : मी रागानं नाही बोलली जी.

उदाराम : माहीत हाय.

नंदाबाई : देवकाबाई तिथं असंल, मोहाखाली. उन्ह चढेपावतर राह्यते. आणखी आठ-पंधरा दिवस फूल पडंल. मंग झाड रिकामं.

उदाराम : विक्की, चिचगडपावतर जाईल का ही?

विक्की : जाईल. पण एक ऐका. आत्ता मी परत करंट देऊन चालू करतो. एकदा चालू झाली की बंद नका करू. जागेवर उभी राहून भरत नाही ती, रोडला लागली की भरते. देवरी येईपर्यंत बरीच भरलेली असेल. म्हणून आधी ठरवा, न्यायची की नाही. मग मी तार लावतो.

उदाराम : आत्ता?

विक्की : आत्ता, नाहीतर उद्या. चालू करून पाहायला म्हणून नका चालू करू, एवढंच माझं म्हणणं.

नंदाबाई : मी काही नाही म्हणत आता. तुमी म्हणान थे.

उदाराम : माझा मोबाइल कुठं हाय?

नंदाबाई : उशीखाली. कोणाले लावता?

उदाराम : देवकाबाईले. येऊन राहिलो म्हणून सांगावं लागंल. एकाएकी दारात गाडी उभी राहिली तं भेल थे.

नंदाबाई : कोपऱ्यात नोका जाऊ. इथं बसा. बाजेवर, माझ्या पायापाशी.

विक्की : मी बाहेर थांबतो काका. हाक मारा.

उदाराम : थांब बाहेर... हॅलो. देवकाबाई? मी उदाराम, कामठ्याहून... हो, हो, आज आइतवार नाही... नाही, तसं काही झालं नाही, हाय ना, इथंच हाय माझ्याजवळ... घेऊन येऊन राहिलो तिले. आज. आत्ता निघतो... नाही, रांधू नोका काही... हो, मोहाचंच बोलून राहिली सकाळपासून... नाही, आयका. बाई, आयका ना जरा माझं. मी इतके दिवस जे सांगत होतो थे खरं नव्हतं... नाही. एक घास जात नाही... हो. हो, तिले माहीत हाय, आयकून राहिली... नंदा आता वाचत नाही, देवकाबाई.