फरशीवर फरशी

…नाही, पण मला सांगा ना, गुणाकार बदलला कधी? आणि कोणाला विचारून बदलला? पाढे पाठ केले आपण, छड्या खाल्ल्या आपण, आणि ह्यांनी परस्पर बदलूनही टाकला! तुम्हाला सांगतो, माझं फरशीचं दुकान आहे. खोलीची मापं ऐकली की गिऱ्हाईक मोबाइल चाचपतंय तोवर माझं उत्तर तयार, वर चार फरश्या जास्त घेऊन जा, कोपऱ्यात फुटतात, हा सल्ला फुकट. आणि माझी पोरगी, माझी स्वतःची पोरगी, नापास! कशात? गुणाकारात! साधा गुणाकार हो, साधा गुणाकार!

लेक हायस्कुलात आहे. तिला पूल बांधायचेत. आमच्या घराण्यात फरशीच्या वर कोणी गेलं नाही, आणि ही थेट पूल बांधणार! त्यासाठी पुढच्या वर्षी मोठं गणित घ्यायला हवं, आणि ते मिळायला बीजगणितात पास व्हायला हवं. बस, एवढीच अट.

तर एका संध्याकाळी बसली होती पेन चावत. समोर काय, तर मॅट्रिक्स. म्हणजे विशेष काही नाही हो, मोठ्या कंसात आकडे मांडायचे, दोन वर, दोन खाली. चार फरश्याच की! शेजारच्या कंसात आणखी चार, आणि म्हणे ह्यांचा गुणाकार करा. मी म्हटलं, सरक. ही चौकट उचलायची, त्या चौकटीवर ठेवायची, फरशीवर फरशी, वरचा आकडा गुणिले खालचा आकडा, संपलं! बेरीज तशीच करतात ना? मग गुणाकाराने काय घोडं मारलंय? बायको आतून म्हणाली, अहो, पुस्तकात एकदा बघा तरी. पुस्तकात काय बघायचंय? साधा गुणाकार हो!

आणि उत्तरं बरोबर आली! सगळी! वर दोन आणि शून्य, खाली शून्य आणि तीन. दुसऱ्यात चार-शून्य, शून्य-पाच. उत्तर आठ, पंधरा, बाकी शून्यं. पुस्तकाच्या मागे ताडून पाहिलं, तंतोतंत! पोरगी म्हणाली, "बाबा, मॅडमपेक्षा तू सोपं सांगतोस." त्या दिवशी मी दुकानात विनाकारण हसत होतो.

पुढे परीक्षा. मॅट्रिक्सची झाडून सगळी गणितं चूक! पोरगी रडली नाही, ओरडली नाही, पेपर माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "मॅडमची पद्धत वेगळी होती. मी तुझी वापरली."

आता ह्यावर बाप काय करणार? बाप शाळेत जाणार! गेलो तरातरा. तर ह्या मॅडम अशा थंड… आपण डोकं तापवून गेलेलो, आणि समोरून, "बसा ना, पाणी घेता?" अहो, पाणी कसलं घेता! भांडू तर द्या! तेवढ्याच गोड आवाजात म्हणतात, डावीकडची आडवी ओळ घ्यायची, उजवीकडची उभी ओळ घ्यायची, जोडीजोडीने गुणायचं आणि मग बेरीज करायची. बेरीज! गुणाकारात बेरीज! मग आमची उत्तरं बरोबर कशी आली, म्हटलं. तर म्हणे, त्या सोप्या गणितांत तिरप्या रेघेबाहेर सगळी शून्यं होती, तिथे चुकीच्या पद्धतीनेही बरोबर येतं. म्हणजे बघा! चुकत होतो तर तिथेच चुकवायचं ना! आणि वर सांगतात, आधीचा मॅट्रिक्स नंतर घेतला तर उत्तर बदलू शकतं. तीन चोक बारा, चार त्रिक बारा, ह्यात काय बदलतं हो? साधा गुणाकार, साधा गुणाकार राहू दिला नाही ह्या लोकांनी!

मी म्हटलं, असलं उलटंसुलटं ठरवलं कोणी? तर मॅडमनी मलाच विचारलं. एका घरात दोन न्हाणीघरं, एक स्वयंपाकघर. न्हाणीघराला चाळीस पांढऱ्या फरश्या, स्वयंपाकघराला तीस. पांढऱ्या किती? एकशे दहा, मी तिथल्या तिथे. कशा काढल्या? म्हटलं, सोपं आहे, दोन गुणिले चाळीस, एक गुणिले तीस, आणि त्यांची… बेरीज.

मॅडमनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. ह्या वेळी मी घेतलं. पण राग गेला का? अजिबात नाही! जन्मभर मी गल्ल्यावर बसून हेच करतोय, तर ते आधी सांगायला काय झालं होतं? इतकी वर्षं मॅट्रिक्स गुणतोय आणि मलाच पत्ता नाही!

फेरपरीक्षा मिळाली. पोरगी मॅडमकडे बसून शिकली, पास झाली, मोठं गणितही मिळालं. इथवर ठीक. परवा ती नवा धडा उघडून बसली होती. मला आता आडवं-उभं तोंडपाठ आहे हो, दुकानात बसून रोज घोकलंय, ह्यासाठीच घोकलंय. मी खुर्ची ओढली, म्हटलं, दाखव बघू. ती म्हणाली, "नको बाबा, माझं मी करते." उठली, आत गेली, आणि दार लावून घेतलं… हळूच. कडीचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही. अहो, आपटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं!